बसलेल्या इंजिनाच्या जागी काय बसवावे?

संपादक महोदय,

जुन्या गाडीचे बसलेले इंजिन काढून त्या जागी थोडक्या खर्चात जास्त ताकदीचे इंजिन कसे घालावे, यावर आपल्या वाहनविषयक पानावर लेख आला. विषय घेतलात हे बरे केलेत. लेखात इंजिनांची नावे आहेत, हॉर्सपॉवरचे आकडे आहेत आणि ‘जुने काढा, नवे घाला’ असा सोपा सल्ला आहे. मुळात जुने इंजिन कशाने गेले, हा प्रश्न मात्र त्यात कुठेच नाही. पहिले इंजिन ज्या कारणाने गेले ते कारण गाडीतच राहिले, तर दुसरे इंजिनही त्याच वाटेने जाते आणि त्या दिवशी दोन्ही इंजिनांचे पैसे बुडतात. लेख वाचून कोणी पाने हातात घेण्याआधी काही गोष्टी छापून याव्यात, म्हणून हे पत्र.

सुरुवात मेलेल्या इंजिनापासून करावी. चारही प्लग काढून क्रमाने मांडावेत. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक ठिपके किंवा चकचकीत कण दिसले, बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड वितळून झिजलेला असला, तर इंजिन नॉकिंगने (मिश्रण अवेळी धडाक्याने पेटल्याने) गेले आहे. म्हणजे पेट्रोल कमी पडत होते, ठिणगीचे टायमिंग फार पुढे होते किंवा हवा प्रमाणाबाहेर गरम होत होती. मग इंजेक्टर, फ्युएल पंप आणि फिल्टर तपासल्याशिवाय दुसरे इंजिन गाडीत बसवण्यात अर्थ नाही. त्यानंतर ऑइल स्वच्छ थाळीत काढावे आणि त्यात चुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटते ते लोखंड: रिंग, कॅम, गिअर. चिकटत नाही ते चंदेरी म्हणजे बहुधा पिस्टनचे किंवा बेअरिंगच्या वरच्या थराचे. तांबूस कण दिसले तर तीन थरांच्या बेअरिंगचा मऊ थर झिजून मधला तांब्याचा थर उघडा पडला, असे समजावे. ऑइल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर त्यात कूलंट मिसळले आहे.

ऑइल फिल्टर फेकू नये. त्याचा डबा कापून आतला कागद उलगडावा, पिळून पुसावा आणि उन्हात धरावा. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, जे दिसत नाही ते या घड्यांमध्ये दिसते. फिल्टर करवतीने मात्र कापू नये, करवतीचाच भुसा आत पडतो आणि मग इंजिनाचा चुरा कोणता अन् करवतीचा कोणता, हे कळत नाही. पाइप कापायचे चाकाचे कटर वापरावे.

कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग फिरून गेलेले असेल तर एक गोष्ट हमखास विसरली जाते: ऑइल कूलर. गाडीला तो असेल तर मेलेल्या इंजिनाचा सगळा चुरा त्याच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसलेला असतो. पेट्रोलने धुवा, हवेने फुंका, तो पूर्ण निघत नाही. नवे इंजिन सुरू झाले की गरम ऑइलबरोबर तो थोडा थोडा सुटतो आणि बेअरिंगमध्ये जातो. कूलर आणि त्याच्या नळ्या सरळ बदलाव्यात. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोलाही हाच न्याय लागू, आणि इंटरकूलरमध्ये साठलेले ऑइल व पात्याचे तुकडेही काढावे लागतात.

कधी कधी इंजिन मेलेलेच नसते. टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले असतील आणि पिस्टनच्या माथ्यावर नुसते ओरखडे असतील, तर हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलले की काम भागते. अर्थात पिस्टनला तडा आणि रॉडला वाक नाही हे बघून. हेड गॅस्केट उडाले असेल तर हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी उभी-आडवी-तिरकी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघावे. बहुतेक कंपन्या ०.०५ ते ०.१० मिलिमीटरपर्यंतचा बाक चालवून घेतात, नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्यापुढे गेले की फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट, करावे लागते. मशिनवर किती काढले तेही विचारून घ्यावे. ८३ मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनात ०.२५ मिमी काढले तर प्रत्येक ज्वलनकक्षाचे आकारमान फार तर १.३ घनसेंटिमीटरने घटते, कारण ज्वलनकक्षाचा घेर पूर्ण बोअरइतका नसतो. कॉम्प्रेशन रेशो ९.० असेल तर ते ९.२ च्या आसपास जाते. इतके चालते. पण ज्या हेडचे आधीच दोनदा फेसिंग झाले आहे त्यावर पुन्हा ०.२५ मिमी काढले की मार्जिन संपत येते, शिवाय हेड खाली आल्याने बेल्टवरच्या कॅमचे टायमिंगही किंचित मागे पडते.

आता बदलायचेच ठरले, तर कोणते इंजिन? आमचे मत सरळ आहे. थोड्या पैशांत ताकद हवी असेल तर त्याच घराण्यातले मोठ्या आकाराचे, धडधाकट इंजिन घ्यावे आणि त्याच्या अंतरंगाला हात लावू नये. लेखात ज्याचे कौतुक आहे ते ‘जुन्याच इंजिनावर स्वस्त टर्बो किट’ हे प्रकरण थोडक्या खर्चाचे नाहीच. ०.५ बारचा दाब दिला की सिलिंडरमध्ये जाणारी हवा जवळजवळ दीडपट होते. म्हणजे इंजेक्टर मोठे, पंप मोठा, इंटरकूलर, क्लच, नवा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किंवा त्याची नव्याने आखणी, आणि टर्बोचे ऑइल परत चेंबरमध्ये उतरायला जाड, उतरती नळी. ही नळी आडवी किंवा वर चढती गेली तर ऑइल टर्बोतच साचते, सीलमधून गळते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग टर्बो खराब निघाला म्हणून दुसरा आणला जातो, तोही तसाच धूर टाकतो. ज्या इंजिनाच्या रिंगा आधीच दमल्या आहेत त्यावर हे ओझे टाकणे म्हणजे दुखऱ्या गुडघ्याने गड चढण्यासारखे आहे.

घराण्यातले इंजिन म्हणजे काय, याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण माझदा एमएक्स-५ चे. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीत १.६ लिटरचे इंजिन होते, बोअर ७८ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८३.६ मिमी, म्हणजे १५९७ घनसेंटिमीटर. १९९४ च्या मॉडेलपासून त्याच घराण्यातले १.८ आले: ८३ बाय ८५, म्हणजे १८३९ घनसेंटिमीटर. आकार १५ टक्के जास्त. अमेरिकेतल्या गाड्यांचे आकडे ११६ वरून १२८ आणि पुढे १३३ हॉर्सपॉवरवर गेले. १९९९ च्या दुसऱ्या पिढीत तेच घराणे १४० पर्यंत पोचले. १.६ च्या गाडीत १.८ बसवताना त्याच माउंटिंगवर बसते, तोच गिअरबॉक्स जुळतो, चेसिसला वेल्डिंग लागत नाही. एक शनिवार-रविवार हाताशी असलेल्या दोन जाणत्या माणसांचे काम.

पण हेही ‘काढले अन् घातले’ इतके नाही. १.६ चा क्लच २०० मिमीचा, १.८ चा २१५ चा. तेव्हा फ्लायव्हील आणि क्लच १.८ चेच घ्यायचे. १.६ चा कॉम्प्युटर आणि झडपवाला एअरफ्लो मीटर ठेवूनही इंजिन चालते, म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. मात्र त्या झडपेतून जितकी हवा जायची तितकीच जाते, आणि वरच्या आरपीएमला १५ टक्क्यांचा फायदा कुठे गेला असे विचारायची वेळ येते. मागचा डिफरन्शियल १.६ मध्ये सहा इंची क्राऊन गिअरचा आहे आणि तो या गाडीचा ठरलेला कच्चा दुवा. १.८ चा सात इंची. तो घालायचा तर ड्राइव्ह शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच्याबरोबरचेच लागतात, आणि अंतिम गुणोत्तर ४.३ वरून ४.१ होते. म्हणजे इंजिन मोठे झाले पण गिअर लांब झाले, पिकअपमध्ये मिळवलेले थोडे परत गेले. हा हिशेब आधी मांडलेला बरा.

याच गाडीच्या सुरुवातीच्या, साधारण १९९१ च्या पूर्वार्धापर्यंतच्या १.६ इंजिनांमध्ये क्रँकचे पुढचे टोक आखूड आहे. पुलीच्या मधल्या भागाला चार खाचा दिसल्या तर तो आखूड नाकाचा क्रँक, आठ दिसल्या तर नंतरचा. आखूड नाकात चावीची खाच झिजते, पुली डोलायला लागते, कॅमचे टायमिंग सरकते आणि गाडी मरगळते. अशी गाडी ‘इंजिन बसले’ म्हणून विकली जाते. उलट कोणी तेच इंजिन ‘चालू स्थितीत’ म्हणून तुम्हाला विकायला आणले, तर इंजिन चालू ठेवून पुलीच्या कडेकडे बघावे. ती चक्रासारखी सरळ फिरत नसेल तर पुढचे बोलणे थांबवावे.

इतर घराण्यांतही हीच रीत. होंडाच्या के मालिकेत २.० लिटरचा के-२० (८६ बाय ८६) आणि २.४ चा के-२४ (८७ बाय ९९) एकमेकांना भाग देतात घेतात. के-२४ चा ब्लॉक आणि के-२० चे चांगले हेड ही जोडी म्हणूनच लोकप्रिय आहे. पण के-२४ चा ब्लॉक जवळजवळ २० मिमी उंच आहे, त्यामुळे बॉनेट आणि सबफ्रेम यांच्या मधली जागा आधी मोजावी. आणि स्ट्रोक ९९ मिमी असल्याने ८००० आरपीएमला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २६.४ मीटर होते, के-२० मध्ये ती २२.९ असते. तेवढ्या आरपीएमवर के-२४ नेणार असाल तर बॅलन्स शाफ्टवाला मूळ ऑइल पंप काढून के-२० च्या तेज आवृत्तीचा घालतात, तो उगाच नाही. जनरल मोटर्सचे ५.३ लिटरचे ट्रकमधले लोखंडी ब्लॉकचे व्ही-८ स्वस्तात मिळते आणि मार खाते, यात वाद नाही. मात्र अॅल्युमिनियमच्या ब्लॉकपेक्षा ते सुमारे ४५ किलो जड आहे आणि ते वजन पुढच्या चाकांवर येते. लहान गाडीत ते टाकणे म्हणजे नवे माउंट, नवा गिअरबॉक्स, नवी स्टिअरिंग जुळवाजुळव. लेखात हे इंजिन ‘सर्वात स्वस्त हॉर्सपॉवर’ म्हणून दिले आहे. इंजिन स्वस्त आहे, ते गाडीत बसवणे स्वस्त नाही.

जुने इंजिन विकत घेताना ‘चालू होते, चालवून बघितले होते’ या वाक्यावर विश्वास ठेवू नये. इंजिन अजून गाडीत असेल तर कॉम्प्रेशन तपासावे: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि फ्युएल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा दाब. साध्या पेट्रोल इंजिनात १७० ते २०० पीएसआय आले तर चांगले, पण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर त्या दोघांमधले गॅस्केट. थ्रॉटल बंद ठेवून मोजले की चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो, आणि मग विकणारा आणि घेणारा दोघेही उगाच भांडतात.

इंजिन जमिनीवर ठेवलेले असेल तरी लीकडाउन तपासणी (सिलिंडरमध्ये दाबाने सोडलेली हवा किती गळते ते मोजणे) करता येते, आणि ती जास्त बोलकी आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून घट्ट धरावा आणि प्लगच्या भोकातून हवा सोडावी. हात ढिला पडला तर क्रँक झटक्यात फिरतो, बोटे सांभाळावीत. दहा टक्क्यांपर्यंत गळती चांगली, वीसच्या वर गेली तर ते इंजिन सोडून द्यावे. हवा कुठून येते ते कानाने कळते: ऑइलच्या झाकणातून सूंऽऽ आवाज म्हणजे रिंग, एक्झॉस्टमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इंटेक व्हॉल्व्ह. कूलंटच्या तोंडाशी पाणी भरून ठेवले तर गॅस्केट फुटलेले असल्यास बुडबुडे दिसतात.

मग व्हॉल्व्ह कव्हर उघडावे. चहाच्या रंगाचा पातळ थर असेल तर हरकत नाही. काळा, जेलीसारखा गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेले नाही, आणि तो गाळ पिकअपच्या जाळीवरही असणार. चेंबर उतरवायची परवानगी मिळाली तर एका रॉडची कॅप काढून बेअरिंग बघावे. एकसारखा करडा, मऊ रंग चांगला. ओरखडे नखाला लागत असतील किंवा तांबे दिसत असेल तर पुढे जाऊ नये. कॅप परत बसवताना पुष्कळ इंजिनांचे रॉड बोल्ट एकदाच ताणायचे असतात, ते जुने पुन्हा वापरता येत नाहीत, तेवढे मॅन्युअलमध्ये बघावे. नवे बेअरिंग शेल घालणारच असाल तर प्लॅस्टिगेजची (दाबली की चपटी होणारी, गॅप मोजायची प्लॅस्टिकची) तार ठेवून गॅप मोजावा. जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाच्या) व्यासाच्या दर मिलिमीटरला हजारावा भाग, हा जुना आडाखा अजून चालतो: ४५ मिमीच्या जर्नलला ०.०४५ मिमीच्या आसपास.

इंजिन उतरवण्याबद्दल लेखात बरेच आहे, त्यामुळे इथे लांबण लावत नाही. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन फिरवले की लाइनमधला दाब जातो. एसीचा गॅस सोडू नये, कॉम्प्रेसर नळ्यांसकट सोडवून तारेने बाजूला बांधावा. पॉवर स्टिअरिंगच्या पंपाचेही तसेच. इंजिन उचलायच्या हॉइस्टचा दांडा जितका बाहेर खेचाल तितकी त्याची क्षमता घटते. दांड्यावर लिहिलेला एक टनाचा आकडा सगळ्यात आखूड खाचेचा असतो. आणि प्रत्येक प्लगला, नळीला कागदी पट्टी लावून नाव लिहावे, फोटोवर विसंबू नये. फोटोत दोन काळ्या वायर दोन काळ्या वायरच दिसतात.

इंजिन बाहेर आहे तोवर बदलायचे भाग बदलून घ्यावेत, कारण यातल्या पुष्कळशा भागांसाठी नंतर पुन्हा तेवढेच काम करावे लागते. क्रँकचे मागचे ऑइल सील, पुढचे सील, कॅमची सीले, टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि आयडलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, चेंबरचे गॅस्केट, पिकअप नळीची ओ-रिंग, हेडच्या मागे लपलेले हीटरचे होज, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग. मागचे सील आत्ता दहा मिनिटांत बसते. तेच नंतर गळले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि तोवर ऑइलने नवी क्लच प्लेट भिजलेली असते. बजेट आखडायचे असेल तर ते चकचकीत एअर फिल्टर आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर आखडावे, सीलवर नाही.

हेडचे काम केले असेल तर ब्लॉकमधली बोल्टची आंधळी भोके हवेने फुंकून, कापडाने पुसून कोरडी करावीत. भोकाच्या तळाशी चमचाभर ऑइल किंवा कूलंट राहिले तर बोल्ट खाली जाताना त्याला जायला वाट मिळत नाही. द्रव दाबला जात नाही, पान्यावर टॉर्क पूर्ण दिसतो, बोल्ट मात्र ताणलेलाच नसतो, आणि वाईट नशीब असेल तर ब्लॉकलाच तडा जातो. आट्यांना तेलाचा हलका हात, भोकात मात्र थेंब नको. टॉर्क तीन टप्प्यांत, मधून बाहेरच्या क्रमाने.

गिअरबॉक्स जोडताना बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या इंजिनाला भिडणाऱ्या तोंडाच्या) दोन डॉवेल पिना, म्हणजे मध्य जुळवणाऱ्या खुंट्या, जागेवर आहेत ना, हे बघावे. जुने इंजिन विकणाऱ्याकडे त्या बऱ्याचदा जुन्याच ब्लॉकमध्ये राहतात. पिना नसल्या तरी बोल्ट बसतात, गाडी चालते, आणि काही महिन्यांत इनपुट शाफ्टचे बेअरिंग आवाज करू लागते, कारण इंजिन आणि गिअरबॉक्सचे मध्य अर्ध्या मिलिमीटरने चुकलेले असतात. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर आधी गिअरबॉक्समध्ये पूर्ण आत बसवावा. फिरवत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने आत उतरतो आणि शेवटचा टप्पा पंपाच्या दातांचा असतो. तो झाला नसेल तर बेलहाउसिंग आणि ब्लॉकमध्ये बोटभर फट राहते. ती फट बोल्टांनी ओढून मिटवणारा पंप फोडतो. बोल्ट हाताने घातल्यावर दोन्ही तोंडे आपसूक भिडली पाहिजेत, आणि त्यानंतरही कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे.

आणखी एक विसरायची वस्तू: इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी. ती जोडायची राहिली तर स्टार्टर मारताच शेकडो अँपिअर करंट बॅटरीकडे परतायची दुसरी वाट शोधतो. ती वाट बहुधा अॅक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल असते. केबल लाल होते, तिचे प्लॅस्टिक वितळते, आणि गाडी सुरू होत नाही म्हणून स्टार्टर बदलला जातो.

इंधनाचा हिशेब कागदावर करता येतो. पूर्ण ताकदीवर साध्या पेट्रोल इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे ०.२३ किलो पेट्रोल लागते. १४० हॉर्सपॉवरला ३२ किलो, म्हणजे ४२-४३ लिटर. मिनिटाला ७०० घनसेंटिमीटरच्या वर, चार इंजेक्टरांत प्रत्येकी सुमारे १७७. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवू नये असे धरले तर २२० चा इंजेक्टर लागतो. मोठ्या इंजिनाचे स्वतःचे इंजेक्टर आणि स्वतःचा ईसीयू वायरिंगसकट मिळाला तर हा प्रश्नच येत नाही, म्हणून इंजिन घेताना हार्नेस कापलेला नाही, पूर्ण आहे, याला दोन पैसे जास्त द्यावेत. जुना ईसीयू ठेवून रिमॅप करणार असाल तर वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) लावल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नये. पूर्ण लोडला मिश्रण १२.५ ते १३ असावे, म्हणजे वजनाने एका भाग पेट्रोलला तितके भाग हवा. १४.७ हा आकडा आरामात चालणाऱ्या गाडीचा आहे, चढाच्या पूर्ण थ्रॉटलचा नव्हे. लेखातल्या चौकटीत तो सरसकट दिला आहे, तो दुरुस्त करावा, ही विनंती. त्या आकड्यावर कोणी ट्यूनिंग केले तर प्लगवरचे मिऱ्याच्या पुडीचे ठिपके पुन्हा दिसतील.

जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा कूलंटमधून बाहेर जातो. जुना रेडिएटर लहान इंजिनालाच कसाबसा पुरत होता आणि त्याच्या खालच्या नळ्या मातीने भरलेल्या होत्या, तर मोठे इंजिन पहिल्याच चढाला गरम होणार. हात लावून बघावा: इंजिन तापल्यावर रेडिएटरच्या मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. हे इंजिन बंद करून, पंख्याची वायर काढून करावे. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे, दोन रंगांचे कूलंट मिसळू नये, आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढावी. सिस्टीममध्ये हवेचा फुगा राहिला तर काट्यावर तापमान व्यवस्थित दिसते आणि हेड मात्र भाजत असते, कारण सेन्सर पाण्यात नाही, हवेत असतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा आणि टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का बघावे. मध्येच कुठे टणक अडले तर जोर लावू नये, तिथे व्हॉल्व्ह आणि पिस्टन भेटले आहेत. मग प्लग काढून, फ्युएल बंद ठेवून दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मारावा, थांबावे, पुन्हा मारावा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा गेजवर दाब दिसेपर्यंत. दिवा विझत नसेल तर ‘सुरू झाल्यावर येईल दाब’ असे म्हणून सुरू करू नये. गरम झाल्यावर दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, हा आडाखा धरून गेज बघावा. जुने, न खोललेले इंजिन असेल तर रनिंग-इनची गरज नाही. नव्या रिंगा घातल्या असतील तर मात्र इंजिन आयडलवर तासभर घरघरवत ठेवू नये. रिंगांना बसायला दाब लागतो, मध्यम थ्रॉटल द्यावा, सोडावा, पुन्हा द्यावा.

लेखाच्या शेवटी पहिले ऑइल नेहमीच्या ठरलेल्या अंतरावर बदलायला सांगितले आहे. ते चूक आहे. पहिले ऑइल आणि फिल्टर वीस-पंचवीस मिनिटे चालवल्यावर बदलावे, दुसरे ५०० ते १००० किलोमीटरला, आणि दोन्ही वेळा फिल्टर कापून बघावा. पहिल्यात थोडी चमक असते, ती गॅस्केटच्या पेस्टची आणि जुन्या धुळीची. दुसऱ्यातही तितकीच असेल तर चेंबर उतरवून बेअरिंग बघायची वेळ आली आहे, आणि ती आता आली हे चांगले, अजून रॉड ब्लॉकमधून बाहेर आलेला नाही.

कागदपत्रांबद्दल लेखात एक ओळही नाही. इंजिन बदलले की इंजिन नंबर बदलतो, तो नोंदणीच्या कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे आणि विमा कंपनीलाही लेखी कळवलेले असले पाहिजे. म्हणून इंजिन विकत घेताना विकणाऱ्याकडून नंबर लिहिलेली पावती घ्यावी आणि पैसे देण्याआधी तो नंबर ब्लॉकवर वायर ब्रशने घासून स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. नंबराच्या जागी ग्राइंडरचे ओरखडे दिसले, तर कॉम्प्रेशन २०० आले तरी ते इंजिन उचलू नये.

आपले,
इंजिनकामातले काही वाचक